निम्म्यावर थांबलेली रेघ

पडद्यावरची रेघ चढता चढता मध्येच आळसावली, आणि इनशिराहला आधी वाटलं, यंत्रातच काहीतरी बिघाड असणार. दोन दिवस खमसीन सुटला होता. वाळवंटाकडून येणाऱ्या त्या गरम वाऱ्यानं सगळं अलेक्झांड्रिया हळद सांडल्यासारखं पिवळं झालं होतं, समुद्र असून नसल्यासारखा. प्रयोगशाळेच्या खिडक्यांच्या फटीत ओल्या पट्ट्या कोंबल्या होत्या, तरी टेबलावर हात ठेवला की तळव्याला माती लागत होती. अशा हवेत यंत्रं रुसतात. तिनं काचेची नळी काढली, पुसली, परत ठेवली. रेघ पुन्हा निघाली, थोडी वर गेली आणि पुन्हा तिथंच रेंगाळली. सकाळी नव्या कुपीतलं एन्झाइम लावलं होतं तेव्हा हीच रेघ कुठेही न अडखळता थेट वर गेली होती. यंत्र ठीक होतं. तिसऱ्यांदा नळी ठेवून बघण्यात अर्थ नव्हता.

ती कुपी गेल्याच आठवड्यात बर्फाच्या डब्यातून आली होती. तळाशी चिमटीतही न येणारी पांढरी भुकटी आणि वर बारीक अक्षरांत लेबल: पुनर्संयोजित मानवी एन्झाइम, फक्त प्रयोगशाळेतल्या संशोधनासाठी. मानवी म्हणायचं ते एवढ्यापुरतंच, की कृती माणसाच्या जनुकातली. बनवलं होतं जिवाणूंनी, कुठल्यातरी परक्या देशात, पोलादी टाकीत. त्याला आई नव्हती, बाप नव्हता, गाव नव्हतं. ते कुणाच्या अंगात कधी वाहिलं नव्हतं आणि त्याच्यापायी कुणी छाती पिटून रडलं नव्हतं. म्हणून ते इतकं शुद्ध, असं इनशिराहला कुपी हातात घेतल्यावर वाटून गेलं होतं, आणि त्या वाटण्याचा तिला रागही आला होता. काम साधं होतं. खेड्यांतल्या दवाखान्यांसाठी एक स्वस्त पट्टी तयार करायची. नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या टाचेतलं थेंबभर रक्त तिच्यावर टेकवलं की त्याच्या रक्तात हे एन्झाइम पुरेसं आहे की नाही ते कळावं. पट्टी खरी ठरवायला एक माप लागतं, आणि कुपीतलं एन्झाइम हे ते माप. त्याच्याशी मग एकेक धडधाकट माणसाचं रक्त ताडून बघायचं. पुरुषांचे नमुने झाले होते. बाईचा एक हवा होता. रक्त द्यायला येणारी परिचारिका वाऱ्यामुळे बस न मिळून घरीच राहिली, तेव्हा शेजारच्या टेबलावरचे डॉक्टर वीसा म्हणाले, मग तुमचंच घेऊ या की. इतकी वर्षं असं कुणी म्हटलं की ती हसून विषय बदलायची. कधी चहा प्यायलेला असायचा, कधी सर्दी झालेली असायची. त्या दिवशी तिनं बाही वर केली. का केली, ते तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

वीसा तिच्या खांद्यावरून पडद्याकडे बघत होते. या माणसाला कुठल्याही गोष्टीची थट्टा केल्याशिवाय राहवत नसे.

"डॉक्टर, तुमचं रक्त सरकारी नोकरीत लागलेलं दिसतंय," ते म्हणाले. "निम्मंच काम करतंय."

मग त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि चष्मा काढून पुसत बसले. त्यांना तिच्या धाकट्या भावाबद्दल, मुन्तसिरबद्दल, काही माहीत नव्हतं. प्रयोगशाळेत कुणालाच नव्हतं. पण निम्म्यावर थांबलेल्या रेघेचा अर्थ त्यांना सांगावा लागणार नव्हता. एन्झाइम कमी असण्याचा हा दोष आईकडून मुलाकडे येतो. आईला काही होत नाही, ती नुसती वाहून नेते. तिच्या रक्तात दोन तऱ्हेच्या पेशी शेजारी शेजारी नांदतात, काही भरलेल्या, काही रिकाम्या, आणि आयुष्यभर तिला त्याचा पत्ताही लागत नाही. मुलाच्या वाट्याला रिकाम्या आल्या तर मात्र सगळ्याच रिकाम्या येतात. तोही एरवी हसतो, पळतो, पतंग उडवतो. एखाद्या वसंतात हिरवे वाल पोटात जाऊन रक्तातल्या त्या पेशी फुटेपर्यंत.

इनशिराह आपल्या हाताकडे बघत बसली. कोपराच्या खोबणीत कापसाचा बोळा चिकटवलेला होता आणि त्याच्याखालची निळसर शीर नेहमीसारखीच शांत होती. मुन्तसिर सहा वर्षांचा होता, ती नऊची. रतीबाखालाकडे, आईच्या धाकट्या बहिणीकडे, कफ्र-अल-दव्वार या गावी ते दोघं वसंताच्या सुट्टीत गेले होते. कालव्याच्या काठानं वालाचं शेत होतं, कंबरेएवढं, पांढऱ्या-काळ्या फुलांचं. खालाची तीन मुलं आणि मुन्तसिर त्यात शिरले ते संध्याकाळपर्यंत बाहेर आले नाहीत. त्याच्या पायघोळ गलाबियाचे खिसे शेंगांनी फुगले होते. आईनं निघताना खालाला बजावलं होतं, याला कच्चं काही देऊ नकोस, पोट नाजूक आहे त्याचं. आणि खाला म्हणाली होती, खाऊ दे गं, देवानं दिलंय, पोरांना आता नाही मिळायचं तर कधी. तिसऱ्या दिवशी त्याची लघवी काळ्या चहासारखी झाली. डोळे पिवळे झाले. बाहेरून रक्त मिळेपर्यंत अंगातलं रक्त संपलं होतं. खालाच्या तिन्ही मुलांनी त्याच ढिगातले दाणे खाल्ले होते, त्यांना ढेकरसुद्धा आली नाही, आणि आईच्या मनात बसलेला काटा तोच होता. तिची तीन जगतात आणि माझा एक जातो, म्हणजे हिनं त्याला काहीतरी निराळं दिलं, शिळं दिलं, किडकं दिलं, लक्षच दिलं नाही. दफनाच्या दिवशी आईनं बहिणीला दारातून परत पाठवलं, आणि तेव्हापासून त्या दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलेलं नव्हतं. दर ईदला खाला मुलाच्या हाती कहकच्या बिस्किटांचा डबा पाठवायची. आई तो न उघडता दरवानाला द्यायची. डबा रिकामा होऊन परत जायचा. चाळीसेक वर्षं हे असंच चाललं होतं, आणि घरातल्या सगळ्यांना त्याची सवय झाली होती.

विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला असताना एका दुपारच्या तासाला फळ्यावर आई, मुलगा, मुलगी अशा चौकटी काढल्या गेल्या आणि प्राध्यापक म्हणाले, हीच आपली वालाची कावीळ. तेव्हा इनशिराहच्या हातातलं पेन थांबलं होतं. घरी जाऊन सांगायचं असं तिनं ठरवलं. पण तेव्हा आजी, म्हणजे वडिलांची आई, जिवंत होती, आणि ती सुनेला उठता-बसता मुलगा सांभाळता आला नाही म्हणून डागण्या देत असे. हिच्याच रक्तातून आलं हे तिच्या हाती देणं म्हणजे कसायाला सुरी देणं. मग आजी गेली. मग वडील आजारी पडले. मग इनशिराहचं लग्न, मग लेकीचा, लमीसचा, जन्म, मग हे संशोधन. वर्षं अशी एकापुढे एक उभी राहत गेली, आणि प्रत्येक वर्षानंतर सांगणं आदल्या वर्षापेक्षा अवघड होत गेलं. याच एन्झाइमवर काम करायचं तिनं का निवडलं, असं कुणी विचारलं तर ती शास्त्रीय उत्तर द्यायची. स्वतःचं रक्त तपासणं मात्र ती टाळत राहिली. माहीत असणं वेगळं आणि रेघेनं सांगणं वेगळं. आता रेघेनं सांगितलं होतं. आणि लमीसच्या पोटात मुलगा होता.

त्या दुपारी ती घरी गेली तेव्हा नवरा जहाजावर होता, घरात कुणी नव्हतं. तिनं सगळे दिवे लावले आणि परत मालवले. फोन हातात घेऊन लमीसचा नंबर काढला आणि ठेवून दिला. खिडकीच्या काचेवर वाळू खरखरत होती, जणू कुणी आत यायला नखांनी वाट करत होतं. उद्या शुक्रवार. आईकडे जेवण. लमीस आणि तिचा नवरा जेवणानंतर चहाला येणार. तेव्हा बघू, असं तिनं स्वतःला सांगितलं, आणि बघू या शब्दाची तिला शिसारी आली.

आई, बहिया, अठ्ठ्याहत्तर वर्षांची झाली होती तरी शुक्रवारचं जेवण दुसऱ्या कुणाला करू देत नसे. मुहर्रम बे या वस्तीतलं ते तिसऱ्या मजल्यावरचं घर. साऱ्या शहराची सकाळ वालाच्या उसळीनं आणि वालाच्या वड्यांनी सुरू होते, पण त्या घरात त्या सुट्टीनंतर वालाचा दाणा आला नव्हता. इनशिराह दारातून आत आली आणि मासळी तळल्याच्या वासामागून दुसरा एक वास तिच्या नाकात घुसला. तिला काही क्षण तो ओळखू येईना. बैठकीत जुनी पेटी उघडी पडली होती. दिवाणावर आईनं धुतलेला पलंगपोस अंथरला होता आणि त्याच्यावर ओळीनं मांडले होते तळहाताएवढे सदरे, विणलेली टोपडी, पावलं झाकणारी लोकरी विजार. सगळं पिवळट पडलेलं, पण इस्त्रीची घडी मोडलेली नव्हती. पेटीच्या कोपऱ्यांत डांबराच्या गोळ्या पांढऱ्या दाण्यांसारख्या चमकत होत्या.

आई खुशीत होती. लमीसनं बाळाचं नाव मुन्तसिर ठेवायचं कबूल केलंय, मग त्याचेच कपडे त्याला, असं ती सांगत होती. दर हिवाळ्यात मी गोळ्या बदलत आले, एक धागासुद्धा कसरीनं खाल्ला नाही बघ. इनशिराहनं एक सदरा उचलला आणि तो वास तिच्या घशापर्यंत गेला. रिकाम्या पेशींच्या बाळाला वालच लागतात असं नाही. डांबरगोळ्यांत मुरलेलं कापड नुसतं अंगाला लागलं तरी नवजात बाळाचं रक्त फुटू शकतं. हे तिनं किती परिसंवादांत, कोरड्या आवाजात सांगितलं होतं.

"आई, हे लमीसला देऊ नकोस."

"का? मेलेल्या मुलाचे म्हणून?"

"वासामुळे. बाळाला सोसत नाही हा."

मग गच्चीवर टाकते, वाऱ्यानं जाईल, असं म्हणून आई उठू लागली. आणि इथं सुटकेची वाट होती. एवढ्यावर भागलं असतं. इनशिराह सगळे कपडे घरी नेऊ शकली असती, धुवायला म्हणून, आणि हरवले असं सांगू शकली असती. लमीसला वेगळं गाठून काय ते सांगता आलं असतं. तीस वर्षं तिनं अशाच वाटा शोधल्या होत्या, त्यात ती तरबेज झाली होती. आई टोपड्याची नाडी सरळ करत पुटपुटली, या मुन्तसिरला मी त्या बाईच्या सावलीलाही उभं करणार नाही. ती बाई म्हणजे रतीबाखाला. आईच्या तोंडी बहिणीचं नाव यायचं नाही. आणि इनशिराहला आपलाच आवाज ऐकू आला.

"रतीबाखालानं काही केलं नव्हतं. दाणे चांगले होते, आई. दोष रक्तात होता."

मग तिनं बसून सगळं सांगितलं, वर्गात सांगतात तसं नाही, अडखळत, मागचं पुढे करत. की हा दोष आईकडून मुलाला येतो. तुझ्या आईकडून तुला आला, तुझ्याकडून त्याला, आणि मलाही. काल माझं रक्त तपासलं. लमीसला असेल की नाही सांगता येत नाही, बाळाला असेल की नाही तेही जन्मल्यावर कळेल. आधी ठाऊक असलं तर काही होत नाही, तो म्हातारा होईपर्यंत जगतो. फक्त काही गोष्टी त्याच्यापासून लांब ठेवायच्या. रतीबाखालाच्या वाट्याला तो दोष आला नसेल, किंवा तिला आला असेल आणि मुलं सुटली असतील. तो नुसता नशिबाचा भाग.

आई ऐकत होती की नव्हती कळत नव्हतं. तिनं एका सदऱ्याची घडी केली, मोडली, पुन्हा केली. स्वयंपाकघरात तेल जळल्याचा वास सुटला आणि दोघीही उठल्या नाहीत. मग आईनं हात पुढे करून इनशिराहच्या कोपरावरचा निळा डाग अंगठ्यानं दाबून पाहिला.

"तुला काही होतं का यानं? दुखतं?"

"नाही."

"मलाही कधी काही झालं नाही," आई म्हणाली. तिनं तो सदरा पेटीत ठेवला. "रतीबाला सांगू नकोस."

कारण आईनंच सांगितलं, पेटीकडे बघत, एकसुरात. "ती दारात उभी होती तेव्हा मी तिला काय म्हणाले, ते तू ऐकलं नाहीस. तुला आत नेलं होतं. आता कुठल्या तोंडानं तिला सांगू, की ते सगळं मी उगाच बोलले होते?"

जेवण उरकलं. लमीस आली तेव्हा इनशिराहनं तिला गॅलरीत नेऊन सांगितलं. ती घाबरेल, रडेल, आपल्याला दोष देईल, अशी तयारी करून ती उभी होती. लमीसनं पोटावर हात ठेवून शांतपणे ऐकलं, दोन-तीन नेमके प्रश्न विचारले, आणि म्हणाली, मग जन्मल्यावर तपासू, त्यात एवढं काय. आजीला का रडवलंस? आत पेटी बंद झाली होती. आईचे डोळे कोरडे होते, पण लमीसला ते रडलेले वाटले. सगळे निघाले तेव्हा आई नेहमीसारखी दारापर्यंत पोचवायलाही आली नाही.

इनशिराह घरी आली तरी तिचं अंग कुठे टेकेना. सांगून टाकलं की हलकं वाटतं म्हणतात. तिला वाटत होतं, एक धोंडा उचलून फक्त दुसरीकडे ठेवलाय. आईला कळलं होतं. ज्या बाईनं चाळीस वर्षं तो धोंडा वाहिला तिला अजून काही माहीत नव्हतं, आणि आता तिला न सांगणारी माणसं एकाऐवजी दोन झाली होती. तिनं कपाट आवरायला घेतलं आणि अर्धं सोडलं. पुढच्या नमुन्यांचा विचार करायला बसली तर डोळ्यांपुढे कुपीच्या तळाची ती पांढरी भुकटी आली. कुणाचीही नसलेली, कुणालाही काही न लागणारी. तिच्याशी ताडून बघितलं तर आपण सगळ्याच निम्म्या भरणार, तिच्या मनात आलं. आई, खाला, मी. शनिवारी सकाळी मंडईत जाते असं स्वतःशी म्हणून तिनं गाडी काढली. मंडईचं वळण मागं पडलं. कफ्र-अल-दव्वारकडे जाणारा कालव्याचा रस्ता लागला. वाऱ्यात ट्रकचे दिवे दिवसाढवळ्या लागलेले होते, आणि सूत गिरण्यांची धुराडी धुळीतून एकेक करून वर येत होती.

शेत आता नव्हतं. तिथं चार मजल्यांच्या विटांच्या इमारती होत्या, गिलावा न केलेल्या, आणि त्यांतल्या एकीच्या दुसऱ्या मजल्यावर रतीबाखाला धाकट्या मुलाच्या घरात राहत होती. मुलगा-सून कामाला गेलेली. दार उघडायला तिला वेळ लागला, गुडघे गेले होते. दारात इनशिराहला बघून तिनं चौकट धरली. चेहरा आईचाच होता, फक्त कुणी हलक्या हातानं काढल्यासारखा.

"बहिया गेली?" तिनं विचारलं.

"नाही खाला. बरी आहे ती. मी सहज आले."

सहज, असं म्हणत खाला आत वळली आणि खुर्चीत बसली. श्वास परत येईपर्यंत डोळे मिटून होती. मग ती चहा करायला उठली, इनशिराहनं तिला उठू दिलं नाही. घरात ईदच्या डब्यांसारखा एक डबा फळीवर होता, त्यात आता सुया-दोरे होते. खाला लमीसची चौकशी करत होती, तिला सगळं माहीत होतं, कितवा महिना, नवरा काय करतो. लांबून सगळ्यांचं सगळं विचारत राहिली होती ती. इनशिराहनं हातातला पेला खाली ठेवला आणि सांगायला सुरुवात केली. काल एकदा सांगितलं होतं म्हणून आज सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

खाला ऐकत होती. तिचे हात मांडीवर होते, एक दुसऱ्यात गुंतलेला. खिडकीची झडप वाऱ्यानं आपटत होती.

"मी त्याच्या खिशात शेंगा भरल्या होत्या," ती म्हणाली. "तो नको म्हणत होता, आई रागावेल म्हणून. मीच भरल्या."

"त्यानं नुसते मूठभर खाल्ले असते तरी हेच झालं असतं."

खालानं मान हलवली. पटलं असं नाही, ऐकलं एवढंच. मग तिनं पुढे वाकून इनशिराहचं मनगट धरलं. पकड अजून शेतातल्या बाईची होती.

"हे बहियाला सांगू नकोस," ती हळू आवाजात म्हणाली. "आपल्याकडून त्याला आलं हे कळलं तर ती नाही जगायची. माझ्यावर आहे ते राहू दे. मला सवय झालीय."

इनशिराहच्या तोंडाशी खरं उत्तर आलं होतं. तिला कळलंय, खाला. आणि तिनं तुला सांगू नको म्हटलंय. ते उत्तर तिथंच अडलं. काल शुक्रवारी एका खोलीत एक म्हातारी आपली लाज झाकत होती, आणि आज दुसऱ्या खोलीत दुसरी म्हातारी तिच्यासाठी चाळीस वर्षांचा भार आणखी मरेपर्यंत वाहायला तयार होती. त्या दोघींच्या मध्ये आपण काय म्हणून उभ्या आहोत, तिला कळेना.

"तिनंच पाठवलंय मला," ती म्हणाली.

खालाचा हात सुटला. तिचं तोंड किंचित उघडं राहिलं, आणि मग त्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर असं काही उमटलं की इनशिराहला तिकडे बघवेना.

"खाली गाडीत बसलीय?" खालानं विचारलं. आणि उत्तराची वाट न बघता, गुडघ्यांवर हात रोवून उठली, खिडकीशी गेली, झडप लोटली. वारा भसकन आत आला. पडदा तिच्या तोंडावर फडफडला, तो तिनं मुठीत धरला आणि धुळीत डोळे बारीक करून खाली बघू लागली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पुन्हा पहिल्यापासून. वर चढायला जमत नसेल तिला, ती म्हणत होती, मला हाक मारायची होती. मी आले असते. तिनं डोक्यावरचा रुमाल सारखा केला.

इनशिराहनं पर्समधून फोन काढला. काय करतोय हे नीट न कळता आईचा नंबर लावला. घंटा वाजत राहिली, वाजत राहिली, आणि ती थांबावी की फोन उचलला जावा, यांतलं तिला काय हवं होतं ते तिलाच सांगता येत नव्हतं. मग पलीकडून आईचा चढा आवाज आला. म्हातारपणी तिला वाटायचं फोनमध्ये ओरडल्याशिवाय ऐकू जात नाही. इनशिराहनं खिडकीशी जाऊन फोन खालाच्या हातात दिला.

खालानं तो कानाशी धरला. नुसता श्वास चालला होता, जिना चढून आल्यासारखा. आई विचारत होती, कोण, इनशिराह, बोलत का नाहीस, कोण आहे. ते खोलीभर ऐकू येत होतं. मग आईचं विचारणं थांबलं. त्या शांततेत दोन्हीकडच्या झडपा आपटत असाव्यात. आई ठेवून देईल, इनशिराहला वाटलं, आता ठेवेल.

"रतीबा," आई म्हणाली. आवाज एकदम खाली आला होता. "तिकडं पण वारा सुटलाय का गं?"

"सुटलाय," रतीबाखाला म्हणाली. "काही दिसत नाही बघ."